जुन्या इलेक्ट्रिक गिटारचा नेक: सालावरून काय कळतं, काय कळत नाही

‘फिफ्टीनाइनचा नेक’, ‘सॉफ्ट व्ही’, ‘स्लिम टेपर’, ‘सव्वासातचा रेडियस’. जुनी इलेक्ट्रिक गिटार, किंवा जुनीची नवी नक्कल, विकायला निघाली की वर्णनात यातलं काही ना काही असतंच. वाचणारा मान डोलावतो आणि किंमत बघायला जातो. ती गिटार हातात घेतल्यावर कशी लागेल, याचा त्या शब्दांवरून त्याला फारसा पत्ता लागलेला नसतो.

गिटारवाल्यांचे वाद बहुतेक पिकअप (तारांचं कंपन टिपणारा चुंबकी भाग), लाकूड आणि रंग यांवर होतात. पण वाजवताना हात पिकअपवर नसतो, नेकवर, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्यावर असतो. आवाज आवडला नाही तर पेडल आहे, अँप आहे, पिकअपही बदलता येतो. नेक हाताला बसत नसेल तर बाकी सगळं जुळूनही ती गिटार कोपऱ्यात पडून राहते. आणि नेकबद्दल बोलताना लोक सालावर अडतात: अमुक सालचा म्हणजे जाड, तमुक सालचा म्हणजे बारीक. यात तथ्य आहे, पण अर्धंच.

जाडी मोजता येते, खांदे मोजता येत नाहीत

नेक आडवा कापला तर दिसेल तो आकार डोळ्यांसमोर आणा. वर जवळजवळ सपाट फ्रेटबोर्ड, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या (फ्रेट) बसवलेली, बोटं दाबायची फळी, खाली तळहातात बसणारी गोलाई. बोर्डच्या वरून पाठीच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे जाडी. ती व्हर्नियर कॅलिपरने दोन जागी मोजतात, पहिल्या फ्रेटशी आणि बाराव्याशी. फेंडर कंपनीच्या, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीच्या टेलिकास्टरचा नेक पहिल्या फ्रेटशी २४-२५ मिमी भरतो. गिब्सन कंपनीच्या १९६० च्या बारीक लेस पॉलचा २०-२१. ऐकायला फरक चार मिमीचा आहे, पण हातात घेतल्यावर दोन्ही वाद्यं वेगळ्या जातीची वाटतात.

आता खरी गोम. दोन नेक पहिल्या फ्रेटशी अगदी २२ मिमी भरले, तरी एक जाडजूड आणि दुसरा सडसडीत वाटू शकतो. कारण बोर्डची कड आणि पाठ यांच्यामधला भाग, ज्याला गिटारवाले शोल्डर म्हणजे खांदा म्हणतात, तो किती भरलेला आहे यावर मूठ किती उघडी राहते ते ठरतं. खांदे भरलेले असले की तो ‘यू’. दोन्ही बाजू तासून पाठीवर मधोमध कणा ठेवला की ‘व्ही’. कणा बोथट असेल तर सॉफ्ट व्ही, टोकदार असेल तर हार्ड व्ही. या दोघांच्या मधला, सगळीकडून सारखा गोल, तो ‘सी’. पाठ सपाट आणि खांदे भरलेले असतील तर ‘डी’. अक्षरं फक्त आडव्या छेदाचं चित्र सांगतात. जाडीबद्दल ती काहीच सांगत नाहीत. ‘सी नेक म्हणजे बारीक’ हा समज त्यातूनच झालाय. जाडजूड सी भरपूर सापडतात.

क्रिकेटवाल्यांना हे पटकन कळेल. बॅटच्या मुठीवर एक रबर चढवायचं की दोन, हे वजनाच्या तराजूवर ठरत नाही. खालच्या हाताला काय सवय आहे त्यावर ठरतं.

हाताचं गणित असं. ब्लूज आणि रॉक वाजवणारे पुष्कळ जण अंगठा बोर्डच्या वर काढून ठेवतात. काही तर सहावी तार अंगठ्यानेच दाबतात. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं वाजवणं या अंगठ्यावरच उभं होतं. अशा पकडीत नेक अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात बसतो, आणि व्हीचा कणा तिथे अगदी मापात रुततो. उलट शास्त्रशुद्ध पद्धतीने अंगठा पाठीच्या मधोमध टेकवून वाजवणाऱ्याला तोच कणा अंगठ्याखाली टोचतो. त्याला डी किंवा चपटा सी बरा. म्हणजे ‘व्ही चांगला का?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. तुमचा अंगठा कुठे असतो, हे आधी सांगायला हवं.

हात लहान म्हणून नेक बारीक हवा, हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अर्धवट वाटतो. नेक फार बारीक असला की अंगठा आणि बोटं एकमेकांच्या फार जवळ येतात, चिमटीत धरल्यासारखी पकड होते, आणि तासाभराने अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. भरीव नेक तळहातात टेकतो, त्यामुळे अंगठ्याला तेवढं दाबावं लागत नाही. लहान हाताला अडचण होते ती बहुतेकदा रुंदीची आणि भरलेल्या खांद्यांची.

फेंडर: लाकडाच्या ओंडक्यापासून चपट्या पाठीपर्यंत

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर बाजारात आणल्या. ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव तसंच असल्याने तक्रार आली आणि ब्रॉडकास्टर १९५१ मध्ये टेलिकास्टर झाली. लिओ स्वतः गिटार वाजवत नसत. ते मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, त्यामुळे नेककडेही त्यांनी बदलता येणारा सुटा भाग म्हणूनच पाहिलं. मेपलच्या एकाच तुकड्यातून नेक आणि बोर्ड दोन्ही, आणि तो चार स्क्रूंनी बॉडीला आवळलेला.

पहिल्या काही एस्क्वायरमध्ये ट्रस रॉडच नव्हता. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या पोटातली लोखंडी सळई. तारा नेकला पुढे ओढतात, ही सळई आवळली की ती नेकला मागे खेचते. गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यू यांना त्याचं पेटंट १९२३ मध्येच मिळालं होतं. लिओंचा अंदाज असा, की मेपल इतकं टणक असतं की सळईची गरज नाही. आजच्या दहाच्या सेटमध्ये (पहिली तार ०.०१० इंच जाडीची) सहा तारा मिळून नेकला सुमारे ४५ किलोने ओढतात. त्या काळच्या तारा याहून जाड. नेक वाकू लागले आणि सळई आली. नेकच्या पाठीला खाच पाडून ती आत घालायची आणि वरून अक्रोडाच्या काळपट लाकडाची पट्टी चिकटवायची. जुन्या फेंडरच्या पाठीवर मधोमध दिसणारा तो गडद पट्टा शोभेचा नाही, त्याच्यामागे हे कारण आहे.

सुरुवातीचे नेक जाड, गोल, भरल्या खांद्यांचे. अमेरिकेत लोक त्यांना बेसबॉलची बॅटच म्हणतात. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हाही नेक भरीवच होते. साधारण १९५५ पासून खांदे उतरायला लागले आणि १९५६-५७ पर्यंत व्ही स्पष्ट दिसू लागला. ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ ही स्ट्रॅटोकास्टर याच काळातली. १९७० मध्ये त्याने नॅशव्हिलच्या एका दुकानात जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात उचलल्या, तीन मित्रांना एकेक वाटली आणि उरलेल्यांचे चांगले चांगले भाग जोडून ब्लॅकी तयार केली. तिचा नेक व्ही आहे. २००४ मध्ये ती लिलावात ९,५९,५०० डॉलरला गेली.

१९५८ च्या सुमाराला व्ही ओसरला आणि नेक चपटे, बारीक झाले. १९५९ मध्ये मेपलच्या नेकवर रोझवूडचा वेगळा बोर्ड आला. तो आधी खालून सपाट आणि जाड होता. १९६२ मध्ये खालूनही गोलाई दिलेला पातळ बोर्ड आला. हा फरक संग्राहकांचा लाडका विषय. वाजवणाऱ्याच्या हाताला तो मुळीच कळत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र कळतो, आणि ते का हे पुढे येईलच. १९६२ ते ६४ मधला गोल, मध्यम सी बऱ्याच जणांना सगळ्यात सोयीचा वाटतो. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने ही कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला घेतली.

ही झाली नेहमीची सालावळ. पण त्या काळी नेकचा शेवटचा आकार माणूस देत असे, सँडिंगच्या पट्ट्यावर नेक हातात धरून, फिरवत. पन्नासच्या दशकातल्या फेंडरचे चार स्क्रू काढून नेक बाहेर घेतला की टाचेवर, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावर, पेन्सिलने लिहिलेली तारीख आणि कधीकधी कारागिराची आद्याक्षरं मिळतात. त्यातली ‘टीजी’, म्हणजे ताडेओ गोमेझ, ही संग्राहकांच्या चांगलीच ओळखीची. ती तारीख नेक तयार झाल्याची असते, गिटार जोडून पूर्ण झाल्याची नव्हे. हाताने आकार दिलेले दोन नेक तंतोतंत सारखे होत नाहीत. त्यामुळे एकाच महिन्याच्या दोन गिटारींत एक सॉफ्ट व्ही आणि दुसरी जवळजवळ सी निघाली, तर दोघींपैकी कुणीही बनावट असण्याचं कारण नाही.

गिब्सन: ५८, ५९, ६०

मिशिगनमधल्या कॅलामाझू गावातली गिब्सन ही जुनी कंपनी, मँडोलिन आणि आर्चटॉप गिटारीत मुरलेली. तिचा नेक महोगनीचा, वर रोझवूडचा बोर्ड, आणि बॉडीत सरसाने कायमचा बसवलेला. तारांच्या खुंट्यांचं डोकं १७ अंशांनी मागे झुकलेलं. या झुकावामुळे तारा नटवर, म्हणजे डोक्याजवळच्या खाचांच्या पट्टीवर, घट्ट बसतात, आणि याच झुकावामुळे गिटार पाठीवर पडली की डोकं मोडतं. एकाच लाकडातून हा कोन कापल्यावर रेषा तिथे आडव्या तुटतात, वर नेमक्या त्याच जागी ट्रस रॉड आवळायच्या स्क्रूसाठी खड्डा. साठच्या दशकाच्या मध्यावर गिब्सनने हा कोन १४ अंशांवर आणला.

लेस पॉल मॉडेल १९५२ चं. त्यातली १९५८ ते ६० मधली सनबर्स्ट रंगाची स्टँडर्ड त्या वेळी फार खपली नाही. तीन वर्षांत सुमारे दीड हजारच बनल्या. आज तिची किंमत घराएवढी आहे आणि तिच्या नेकचीही सालवार पोथी तयार झाली आहे: ५८ जाड, ५९ मध्यम, ६० बारीक. ढोबळमानाने ते खरं आहे. पण १९६० च्या सुरुवातीच्या महिन्यांत भरीव नेकच्याही गिटारी निघाल्या आणि ५९ मध्येही एकसारखेपणा नव्हता. त्यात नंतरच्या मालकांनी केलेले बदल वेगळेच. लेड झेपेलिनच्या जिमी पेजने १९६९ मध्ये गिटारवादक जो वॉल्शकडून घेतलेली, ५९ ची म्हणून प्रसिद्ध असलेली लेस पॉल त्याच्याकडे आली तेव्हा तिचा नेक घासून आधीच बारीक केलेला होता. जगातला बहुधा सगळ्यात गाजलेला ‘५९ चा नेक’ हा ५९ च्या मापाचाच नाही.

१९६१ मध्ये लेस पॉलच्या जागी दोन शिंगांची पातळ बॉडी आली, पुढे तिचं नाव एसजी झालं. तिचा नेक बारीक, चपटा, आणि बॉडीला अगदी शेवटच्या फ्रेटांशी मिळतो. लेस पॉलवर सोळाव्या फ्रेटनंतर हात बॉडीला धडकतो, इथे थेट टोकापर्यंत मोकळा जातो. किंमत अशी की जोड नाजूक. नेक हाताने थोडा ढकलला तरी सूर हलतो, आणि पट्टा लावून सोडून दिली तर डोकं जमिनीकडे झुकतं.

रुंदी, आणि ‘बी’चा घोळ

नटपाशी जुनी फेंडर साधारण ४१.३ मिमी रुंद, जुनी गिब्सन ४२.९. दीड मिमीने काय होतं, असं वाटेल. गिब्सनने १९६५ मध्ये नट ३९.७ मिमीवर आणला आणि दशक संपेपर्यंत बहुतेक गिटारी तशा निघाल्या. कमी झालेले तीन मिमी तारांमधल्या पाच फटींत वाटले तर प्रत्येक फट अर्ध्या मिमीहून थोडी जास्त आवळते. पहिल्या फ्रेटपाशी डी किंवा सी कॉर्ड धरून बघा, बोटाचं पेर शेजारच्या तारेला लागतंच. या गिटारी बाजारात आधीच्यांपेक्षा स्वस्त मिळतात त्याचं हे एक मोठं कारण. ज्यांची बोटं बारीक आहेत त्यांच्यासाठी हा सौदाच आहे, हेही खरं.

रिकनबॅकरची बारा तारांची गिटार तर साधारण ४१ मिमीच्या नटवर बारा तारा बसवते. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने १९६४ मध्ये ती वाजवून जगभर पोचवली, पण जाड बोटांच्या माणसाने ती एकदा धरूनच बघावी.

फेंडरने १९६२ पासून टाचेवर रबरी शिक्क्याने तारीख आणि शेवटी एक अक्षर उमटवायला सुरुवात केली. ए म्हणजे ३८.१ मिमी, बी ४१.३, सी ४४.५, डी ४७.६. ही अक्षरं नटच्या रुंदीची आहेत. वर सांगितलेल्या यू-व्ही-सी-डी या आकारांशी त्यांचं काही नातं नाही. ‘सिक्स्टीफाइव्हची स्ट्रॅट, बी प्रोफाइल’ असं विक्रेता छातीठोक लिहितो, तेव्हा त्याने शिक्का वाचलेला असतो आणि नेक हातात धरलेला नसतो.

सव्वासात इंचाची भानगड

जुन्या गिटारी ‘वाजवायला कठीण’ का वाटतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

फ्रेटबोर्ड सपाट दिसतो पण असतो गोल, मोठ्या वर्तुळाचा छोटा कंस. ते वर्तुळ केवढं, हे त्रिज्येने, म्हणजे रेडियसने सांगतात. जुन्या फेंडरची त्रिज्या सव्वासात इंच, म्हणजे १८४ मिमी. गिब्सनची १२ इंच, ३०५ मिमी. त्रिज्या जितकी लहान तितका बोर्ड जास्त फुगीर. बाराव्या फ्रेटशी बोर्ड साधारण ५२ मिमी रुंद धरला, तर सव्वासातच्या बोर्डचा मधला भाग कडेपेक्षा सुमारे १.८ मिमी वर असतो, बारा इंचाच्या बोर्डचा सुमारे १.१ मिमी.

आता पहिली तार बाराव्या फ्रेटच्या पुढे दाबा आणि पूर्ण एक सूर वर जाईपर्यंत बोर्डच्या मध्याकडे ओढा. तारेचं ब्रिजवरचं, म्हणजे बॉडीवरच्या आधारावरचं टोक हलत नाही, ते कडेलाच, खालच्या पातळीवर राहतं. पण बोटाखालची तार उंचवट्यावर चढली. म्हणजे आता ती त्या उंचवट्यावरून कडेच्या खालच्या टोकाकडे तिरकी उतरते, आणि वाटेत पुढचे फ्रेट उंचच आहेत. तार त्यांना घासते. आधी करकर होते, मग सूर मध्येच गुदमरून मरतो. बारा इंचाच्या बोर्डवर उंचवटाच कमी, म्हणून तीच तार त्याच ॲक्शनवर मोकळी वाजते. ॲक्शन म्हणजे तारांची फ्रेटांपासूनची उंची.

मग लिओंनी इतका फुगीर बोर्ड का केला? कारण त्या काळी असं कुणी वाजवतच नव्हतं. पन्नासच्या दशकात गिटारवर चढायच्या त्या बाराच्या किंवा तेराच्या तारा, तिसरी तारही वेटोळ्याची. एवढी जाड तार पूर्ण सूर ओढणं हे मनगटाचं काम. ज्यांना ओढायची असे ते बँजोची बारीक तार आणून पहिल्या तारेच्या जागी लावत. गिटार मुख्यतः कॉर्ड धरायला असे, आणि कॉर्डसाठी फुगीर बोर्ड छानच. तर्जनी आडवी टाकून बार धरली की ती बोटाच्या नैसर्गिक बाकावर बसते. साठच्या दशकात अर्नी बॉलने बारीक तारांचे तयार सेट विकायला काढले, लोक तारा ओढू लागले, ॲक्शन खाली आणू लागले, आणि तोच नेक अचानक कठीण झाला. लाकूड होतं तेच होतं, बदलली वाजवण्याची रीत.

म्हणून सव्वासातच्या गिटारीवर ॲक्शन थोडी वर ठेवावी लागते. बाराव्या फ्रेटशी पावणेदोन ते दोन मिमी. दुसरा उपाय कारागिराचा: वरच्या फ्रेटांची डोकी घासताना मधला भाग किंचित जास्त उतरवायचा, म्हणजे लाकूड सव्वासातचं राहतं आणि फ्रेट वर जाताना चपटे होत जातात. हे डोळ्याला दिसत नाही, मूळ लाकडाला हात लागत नाही, आणि बेंड, म्हणजे तार ओढून वर नेलेले सूर, सुटतात. जुन्या गिटारीवर करण्यासारखं यापेक्षा शहाणं काम दुसरं नाही, असं माझं मत.

फ्रेट आणि तारा

जुन्या फेंडरचे फ्रेट बारीक आणि बुटके, साधारण २ मिमी रुंद आणि १ मिमी उंच. आजचे जंबो पावणेतीन मिमी रुंद आणि सव्वा मिमीच्या पुढे उंच. फ्रेट उंच असला की बोट लाकडाला टेकत नाही, तार बोटाच्या पकडीत येते आणि ओढायला सोपी जाते. बुटक्या फ्रेटवर बोटाचं मांस बोर्डला घासतं. लेस पॉल कस्टम १९५४ मध्ये आली ती मुद्दाम सपाट, बुटके फ्रेट घेऊन. हात इतका सरसर जायचा की तिला ‘फ्रेटलेस वंडर’ म्हणत. आज ती घेणारा पहिलं काम बहुधा फ्रेट बदलायचं करतो.

अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनची लाडकी स्ट्रॅटोकास्टर हे याचं टोकाचं उदाहरण. नेक १९६२ चा, पण त्यावर जाडजूड जंबो फ्रेट, तेराच्या तारा, आणि सगळं अर्धा सूर खाली उतरवलेलं. पुन्हा पुन्हा फ्रेट बदलून बोर्डची मूळ गोलाईही सपाट होत गेलेली. तिला ६२ चा नेक म्हणायचं तर म्हणा.

स्केल लेंग्थचं थोडक्यात: नटपासून ब्रिजपर्यंत वाजणारी तार फेंडरवर साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिमी, गिब्सनवर नावाला पावणेपंचवीस, म्हणजे ६२९. त्याच तारा, तोच सूर, तर फेंडरवर ताण सुमारे ६ टक्के जास्त. लेस पॉलवरून स्ट्रॅटवर आलेल्याला नेक ‘कडक’ वाटतो त्यात या ६ टक्क्यांचाही वाटा असतो, आणि दोष विनाकारण नेकच्या जाडीला मिळतो.

साठ वर्षांत नेकचं काय होतं

जुन्या नेकचा जो गुळगुळीत, ओळखीचा स्पर्श लोक वाखाणतात, त्यातला किती कारखान्यातून आला आणि किती वापरातून? कारखान्यातून बोर्डच्या कडा बऱ्यापैकी तीक्ष्ण निघत. वर्षानुवर्षं तळहात घासून त्या गोल होतात. पाठीवरचा नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर पातळ असतो, घामाने आणि घर्षणाने तो उडतो, खालचं लाकूड उघडं पडतं आणि हात न चिकटता सरकतो. साठच्या दशकाच्या शेवटी फेंडरने जाड, काचेसारखं पॉलिएस्टर आणलं. ते असं झिजत नाही, म्हणून सत्तरच्या दशकातले नेक आजही चिकट वाटतात. हल्ली महागड्या नव्या गिटारींवर कडा कारखान्यातच गोल करून देतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात.

झीज वाईटही असते. फ्रेट बदलताना बोर्ड प्रत्येक वेळी थोडा घासला जातो. १९६२ नंतरच्या फेंडरवर रोझवूड आधीच पातळ, त्यामुळे असे दुरुस्तीचे डाव मोजकेच मिळतात. ते आधीच्या मालकांनी वापरून टाकले असतील तर तुमच्या वाट्याला काही उरत नाही. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाहरने १९६३ मध्ये कॉर्कमध्ये १०० पौंडांना घेतलेली १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर आयुष्यभर वाजवली. त्याच्या घामाने तिचा रंग तर गेलाच, पण नेक इतका ओलावा प्यायला की वाकायला लागला, आणि सुकायला म्हणून बराच काळ काढून ठेवावा लागला.

घाम सोडा, आपल्याकडे पाऊस पुरेसा आहे. जुलैत मुंबईत किंवा कोकणात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. लाकूड आडवं फुगतं, नेकचा बाक बदलतो, एप्रिलमध्ये जुळवलेली ॲक्शन ऑगस्टमध्ये जुळत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात उलट: बोर्ड आक्रसतो आणि फ्रेटची टोकं कडेला बाहेर येऊन बोटाला टोचतात. यात गिटार बिघडलेली नसते. ट्रस रॉड पाव फेरी इकडेतिकडे केला की काम होतं. फक्त जुन्या फेंडरवर रॉडचा स्क्रू टाचेला असतो, म्हणजे तारा सोडा, चार स्क्रू ढिले करा, नेक उचला, फिरवा, परत बसवा आणि बघा. गिब्सनवर तो डोक्याशी असतो, एक झाकण काढलं की झालं.

लाकडाचाच एक धागा आपल्याकडे येतो. पन्नासच्या आणि साठच्या दशकातल्या बोर्डचं रोझवूड ब्राझीलचं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात दोन्ही कंपन्या भारतीय रोझवूडकडे वळल्या, म्हणजे दक्षिणेतल्या पश्चिम घाटातला आपला शिसव. हाताला त्यात फरक जाणवत नाही. कागदपत्रांत जाणवतो. ब्राझिलियन रोझवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक बंधनं आहेत, त्यामुळे परदेशातल्या भावाबहिणीकडून जुनी गिटार मागवायचा बेत असेल तर परवान्याची चौकशी आधी करा.

हातात आली की काय बघायचं

आधी वाजवू नका. बॉडीकडून एक डोळा मिटून बोर्डच्या कडेने नटकडे बघा, पहिल्या तारेच्या बाजूने आणि मग सहाव्या तारेच्या. दोन्ही कडा सारख्याच वाकलेल्या हव्यात. एक कड सरळ आणि दुसरी वाकडी असेल तर नेकला पीळ पडलाय, आणि तो ट्रस रॉडने निघत नाही.

मग पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार नेक बॉडीला मिळतो तिथे उजव्या हाताने दाबून धरा. तार आता सरळ पट्टीचं काम करते. सातव्या-आठव्या फ्रेटशी तार आणि फ्रेट यांच्यात बारीक फट दिसायला हवी. साधं व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकलं तर ती पाव मिमीच्या आसपास आहे, म्हणजे ठीक. कार्डाने तार वर उचलली जात असेल तर नेक जास्तच सरळ आहे. कार्ड आत टाकल्यावर खुळखुळत असेल तर बाक जास्त. जास्त बाक असेल तर विक्रेत्याला विचारा की रॉड फिरतो का. फिरवून दाखव म्हणा. जाम झालेला रॉड जुन्या गिटारीवर सगळ्यात महागात पडतो.

त्यानंतर वाजवा. पहिल्या पोझिशनला एफची बार कॉर्ड, मग बाराव्याच्या पुढे पहिल्या तारेवर पूर्ण बेंड. पहिल्यात रुंदी आणि खांदे कळतात, दुसऱ्यात रेडियस आणि फ्रेट.

आपल्या दुकानांत खरी जुनी गिटार क्वचितच येते, येतात त्या नकला. तिथे नावावर भुलू नका. स्क्वायर या फेंडरच्याच स्वस्त ब्रँडच्या क्लासिक वाइब मालिकेत ‘फिफ्टीज’ आणि ‘सिक्स्टीज’ स्ट्रॅट आहेत, पण दोन्हींचा रेडियस साडेनऊ इंच. सव्वासात हवा असेल तर फेंडरच्या व्हिंटेरा मालिकेपर्यंत चढावं लागतं. गिब्सन २०१९ पासून लेस पॉल स्टँडर्ड दोन नेकांत देते, ‘फिफ्टीज’ जाड आणि ‘सिक्स्टीज’ बारीक, आणि तिथे नाव आणि हात बऱ्यापैकी जुळतात. वेबसाइटवर रेडियस, नट आणि स्केल छापलेले असतात, खांदे कुठेच नसतात. शिवाय दुकानातल्या गिटारीला महिनोन्महिने कुणी हात लावलेला नसतो, ॲक्शन वर चढलेली असते, तारा गंजलेल्या असतात. नेक नापसंत करण्याआधी दुकानदाराला नव्या तारा लावून सेटअप करून द्यायला सांगा आणि आठवड्याने परत जा.